मागचं दार, टेक अकरा

नोव्हेंबरात विनिपेगला पाचच्या आत अंधार पडतो,
म्हणून त्यांनी माझं घर निवडलं.
शिवाय मागे ओढा, रस्त्याला एकच दिवा,
शेजार हाकेच्या पलीकडे.
"अगदी हवं तसं," जागा शोधणारा पोरगा म्हणाला,
तेव्हा मला पहिल्यांदा कळलं
एकोणतीस वर्षं मी किती धोक्यात राहत होते.

नऊ दिवसांचे पैसे आगाऊ.
त्यात तळघरातला बॉयलर नवा झाला असता. झालाही.

मग माझं घर त्यांनी काढून ठेवलं.
ओस्टॅपचा फोटो जुन्या चादरीत गुंडाळून गॅरेजात,
त्याच खिळ्यावर एक हसरं कुटुंब,
दोन मुलं, एक कुत्रा, कुणाचे कोण देव जाणे.
खिळा ओस्टॅपनेच ठोकलेला, जरा तिरका.
तेही तिरके हसत राहिले.
दिग्दर्शिका म्हणाली, असू दे, खरं वाटतं.

घरात घुसणारा ल्युसियाँ, सहा फूट चार इंच,
तोंडावर गोणपाटाचा मुखवटा.
मागचं दार त्याने अकरा वेळा फोडलं.
काच साखरेची. बिस्किट मोडल्यासारखी फुटते,
खरा आवाज नंतर भरतात म्हणे.
आणि दर खेपेला, "कट" ऐकलं की
हा धिप्पाड माणूस उंबऱ्याशी थांबून बूट काढायचा,
माझी फरशी खराब होईल म्हणून.
मुखवटा तसाच,
खाली राखाडी मोजे, एका अंगठ्याला भोक.
"मिसेस फेडोरिशिन, थोडं पाणी मिळेल?"
मी पाणी दिलं, वर बटाट्याचे पिरोगी दिले.
मुखवटा नाकापर्यंत उचलून त्याने सात खाल्ले.

नायिका माझ्या कपाटात लपली
आणि डांबरगोळ्यांच्या वासाने शिंकली.
अख्खा टेक वाया.
सगळे हसले, मुखवटाही हसला.

निघताना दिग्दर्शिकेने विचारलं,
"एकट्या राहता. कुणी खरंच असं आलं तर?
भीती नाही वाटत?"
मी खांदे उडवले.

तिला सांगितलं नाही
डोंगरातल्या त्या गावाचं, मी पाळण्यात होते,
चुलीवर दूध होतं.
त्यांनी दार फोडलं नाही.
वाजवलं.
आईने एप्रनला हात पुसले आणि उघडलं.
आत येण्याआधी त्यांनी बुटांचा बर्फ झटकला,
इथे आली की आई दरवेळी थांबायची,
पुढचं सगळं त्यापेक्षा सोपं असल्यासारखी.
हातात कागद होता. दोन तास दिले.
दूध उतू जाऊ नये म्हणून
त्यांच्यातल्याच एकाने भांडं उतरवलं.

मार्चमध्ये पिक्चर लागला.
पुढच्या रांगेतली पोरं ओरडली, "तळघरात नको जाऊस!"
तळघरात माझ्या बिटाच्या बरण्या,
एकोणीस, झाकणांवर तारखा घातलेल्या.
काच फुटली, आता खऱ्या आवाजात,
तरी मी दचकले, पॉपकॉर्न मांडीवर सांडलं.
ल्युसियाँचं नाव शेवटून चौथं:
"अनोळखी माणूस".
घराचं नाव कुठेच नव्हतं.

फोडलेलं दार त्यांनी बदलून दिलंय.
सागवानी रंग, आत पोलाद, दोन कड्या,
पाहायला भिंगाचं भोक.
पिक्चरातला कुणीही या दारापुढे हात टेकेल.

काल संध्याकाळी ते वाजलं.
मागचंच.
हळू, तीनदा, नीट.
माझे हात पिठात होते.
मी ते पुसले नाहीत.